शेकडा बारा

वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेत माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. माझी भाची अंकिता बँकेच्या परीक्षेच्या क्लाससाठी वर्ध्याला आली आणि आमच्याकडे राहू लागली, तेव्हापासून आमच्या घरात कोणी नुसता चहा प्यायलेला नाही. चहाबरोबर एक तक्ता असतो. पाच गावं, चार पिकं, तीन वर्षं, आणि खाली प्रश्न : ब गावातल्या सोयाबीनचं ड गावातल्या तुरीशी गुणोत्तर किती? या गावांना नावं नसतात, तिथं रानडुकरं येत नाहीत आणि तिथली सरासरी काढायला माणूस कधी चुकत नाही. मला तिथं राहायला आवडलं असतं.

एकदा तिनं माझंच दुकान धरलं. "मामा, समजा तुमच्या दुकानात एकेरी अन् दुरेघी वह्या तीनास दोन खपते. अन् चौरेघी शेकडा दहा."

"चौरेघीले कोणी विचारत नाई वं माझ्याइथं," मी म्हणालो.

"प्रश्नात जे देलं ते खरं मानाचं असते, मामा. काऊन म्हणाचं नाई."

का ते न विचारता मी मानलं. चहा निवायच्या आत तिनं माझा वर्षाचा नफा काढून दिला. तो खऱ्या नफ्यापेक्षा बराच जास्त होता, म्हणून मी पुढं काही बोललो नाही.

पहिल्या वर्षी ती सव्वा मार्कानं राहिली. तिच्या परीक्षेत बरोबर उत्तराला एक मार्क मिळतो आणि चुकलेल्याला पाव मार्क कापतात. म्हणजे एकच चूक बरोबर केली असती तर पोरगी पुढं गेली असती. ती चूकही एका तक्त्यातच होती. हे तिनं आम्हाला इतक्यांदा समजावून सांगितलं की माझी बायको नलू भाजी चिरता चिरता "सव्वा" म्हणायला लागली.

अल्लीपूरला तिच्या आजोबांनी, दौलतरावांनी, हे सगळं ऐकून घेतलं आणि नापास म्हणजे नापास असं सांगितलं. हिंगणघाटचं स्थळ तयार होतं. मुलाचं कापडाचं दुकान, व्यसन नाही, बोलायला गोड. त्याच्यात एखादी खोट असती तर आम्हाला फार बरं झालं असतं.

हे दौलतराव माझ्या बहिणीचे, कमलाताईचे सासरे. मला हा गृहस्थ आवडत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं मी त्यांचं काही चांगलं सांगितलं तर ते खरं धरावं. अल्लीपूरला त्यांचं किराणा दुकान आहे, मागं वांग्या-टमाटरांचं वावर आहे, आणि घरात त्यांचा शब्द शेवटचा असतो. बऱ्याचदा पहिलाही तोच असतो. कमलाताईचा नवरा, म्हणजे योगेंद्रभाऊजी, हा भला माणूस. वडील बोलायला लागले की तो पंख्याकडे बघतो. पंखा बंद असला तरी बघतो.

दौलतरावांचा अभिमानाचा विषय एकच, पंगत. त्यांच्या घरच्या कार्यात बुफे नसतो. हातात ताट धरून रांगेत उभं राहायचं ते दवाखान्यात, असं ते म्हणतात. ते माणसं बसवून वाढतात आणि पहिल्या पंगतीपुढं हात जोडून दर वेळी तेच वाक्य बोलतात : "मागा, लाजू नका. दौलतरावच्या पंगतीत मागणाऱ्याले नाई म्हनत नाई." हे नुसतं बोलणं नाही. एकदा एका पाहुण्यानं गंमत म्हणून कारल्याची भाजी मागितली. दौलतरावांनी वावरातून कारली तोडून आणवली, तळवली आणि पंगत तशीच बसवून ठेवून त्याच्या पानात वाढली. पाहुण्याला कारलं आवडत नव्हतं. त्यानं ते संपवलं.

दुसरी गोष्ट म्हणजे ते पत्रावळ्या मोजतात. पंगत उठली की उष्ट्या पत्रावळ्या टाकायच्या जागी जाऊन उभे राहतात आणि चिंचोके एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकतात. किती माणूस जेवला हे त्यांना त्याच क्षणी कळतं आणि मरेपर्यंत आठवतं.

तर फाल्गुनात दिपालीचं लग्न ठरलं. दिपाली ही दौलतरावांच्या थोरल्या मुलाची मुलगी. लग्न अल्लीपूरलाच, घरासमोर मांडव घालून. त्याच्या बैठकीला मीही होतो, कारण मामा लोकांना अशा ठिकाणी बसवून ठेवतात. स्वयंपाक किती माणसांचा सांगायचा यावर बोलणं आलं. दौलतराव म्हणाले, पाचशे सत्तर. मग स्वतःच करवादले.

"दरसाली तेच होते. शंभराचं शिजवलं का अठ्ठ्याऐंशी पत्रावळ्या उठते. बारा माणसायचं उरते. मी काय लोकायच्या कुत्र्यायसाठी रांधून राह्यलो?"

अंकिता चहा घेऊन आली होती. दौलतरावांची नजर तिच्यावर गेली.

"काय वं, तू शेकडेवारी शिकून राह्यली ना वर्ध्याले?"

"हो, आबाजी."

"सव्वा मार्कानं राह्यली म्हणते तुही माय. मंग दाखव ना तुही शेकडेवारी. ह्या लग्नाचा अंदाज तू काढ. कमी पडलं नाई पायजे, अन् वाया गेलं नाई पायजे. दोन्ही जमलं तं अजून एक साल मामाकडे राह्य, पेपर दे. नाई जमलं तं हिंगणघाटवाल्यायले होकार देतो. मंजूर?"

कमलाताई दारात कप उचलत होती. तिचे हात थांबले. योगेंद्रभाऊजींनी वर पाहिलं. पंखा बंद होता.

"मंजूर," अंकिता म्हणाली.

मला तेव्हाच राग आला होता. पोरीचं एक वर्ष वांग्याच्या भाजीवर लावायचं, ही काय रीत झाली? पण दौलतराव शब्दाचे पक्के आहेत, आणि हे मी चांगलं म्हणून सांगत नाही. त्यांनी हो म्हटलं तर हो होतं आणि होकार देतो म्हटलं तर हिंगणघाट होतं.

अंकितानं माझ्या दुकानातला एक मोठा ड्रॉइंग कागद घेतला. पैसे दिले नाहीत. त्याच्यावर तिनं घरातल्या मागच्या तीन जेवणांचा तक्ता मांडला : नव्या घराची वास्तू, थोरल्या नातीचं, रक्षाचं, लग्न, आणि नातवाच्या, पीयूषच्या, लग्नाचं स्वागत-जेवण. आकडे दौलतरावांनी तोंडी सांगितले. किती जणांचं शिजवलं, किती पत्रावळ्या उठल्या. आचाऱ्याला विचारलं, त्याचेही तेच आले. वास्तूला शेकडा अकरा उरलं होतं, रक्षाच्या वेळी बारा, पीयूषच्या वेळी तेरा.

"सरासरी बारा," मी म्हणालो. मीही आता त्या तक्त्यातल्या गावांत राहत होतो.

"अशी नाई काढत, मामा. तिन्ही जेवणं सारखी नव्हती. टक्क्यायची सरासरी काढली का फसते माणूस. सगळं शिजवलेलं एक करा, सगळं उरलेलं एक करा, मंग भागा." तिनं सगळं एक केलं आणि भागलं. बारा आले. मी चहा संपवला.

मग तिनं पत्रिका घेतल्या. गावातल्या एका पत्रिकेमागं सरासरी तीन माणसं जेवायला येतात, बाहेरगावच्या नातेवाइकांमागं दोन. हिंगणघाटचा व्यापारी एकटाच येतो, अहेर देतो, एक बुंदीचा लाडू खातो आणि गाडी काढतो. गावात ऐंशी पत्रिका, नात्यात साठ, व्यापाऱ्यांत चाळीस. वरातीतली माणसं शंभर. बेरीज बरोबर पाचशे आली. वर थोडी जागा म्हणून शेकडा दोन धरले. पाचशे दहा.

पुऱ्यांची सरासरी माणशी पाच निघाली. मी म्हणालो, मी तर नऊ खातो. ती म्हणाली, मग कोणीतरी एकच खात असेल, सरासरी अशीच भरून निघते.

तक्ता घेऊन आम्ही पुन्हा अल्लीपूरला गेलो. दौलतरावांनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत पाहिला. त्यांना त्यात चूक सापडली नाही, म्हणून त्यांचा चेहरा जरा उतरला.

"आबाजी, एक विचारू?" अंकिता म्हणाली. "हे जे बारा टक्के उरते, ते जाते कुठी?"

"जाते कुठीतरी. सकाळी काही राह्यत नाई."

खोलीत आम्ही सहा-सात माणसं होतो. सगळ्यांना हे उत्तर पुरेसं वाटलं. कमलाताई आत तांदूळ निवडत होती. तिला कोणी विचारलं नाही. आचाऱ्याला पाचशे दहाचा आकडा सांगण्यात आला.

लग्न वैशाखात लागलं. ऊन असं होतं की बँडवाले सावली सोडून पुढं सरकत नव्हते आणि वरात त्यांच्यामागं अडकून पडली होती. तरी मुहूर्त साधला. अक्षता पडल्या, आणि दौलतरावांनी हात जोडून ते वाक्य म्हटलं. पहिली पंगत बसली.

मी दुसऱ्या पंगतीत होतो. आलू-वांग्याची भाजी होती, वरण-भात, पुऱ्या, बुंदी, मठ्ठा. वांगी घरच्या वावरातली. नऊ पुऱ्या खाल्ल्या आणि वर मठ्ठा दोनदा मागून घेतला. जेवताना माझं लक्ष सगळं अंकिताकडे. ती भट्टीपाशी उभी होती, पदराला घाम पुसत, आणि दर पंगतीला भांड्यात डोकावून येत होती. तिला लुगडं नेसवलं होतं आणि हिंगणघाटचे लोक खुर्च्यांवर बसून होते. मुलगा खरंच चांगला दिसत होता.

आधी बापेमाणसं, मग पाहुण्या बाया, मग राहिलेले बापे, मग वाढणारी पोरं. शेवटची पंगत उठली तेव्हा चार वाजून गेले होते. दौलतरावांनी शेवटचा चिंचोका खिशात टाकला आणि मांडवाच्या मधोमध आले.

"पाचशे तीन," ते म्हणाले.

आचारी भांडी पालथी घालत होता. त्याला विचारलं. तो म्हणाला, सातेक माणसांचं आहे, परातीत काढून आत पाठवलं.

पाचशे तीन आणि सात. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. दौलतरावांनी अंकिताला समोर बोलावलं आणि दिपालीचे सासरे सदाशिवराव बसले होते त्यांच्यादेखत म्हणाले, "व्याहीबुवा, हे माही नात. पाचशे माणूस येईन म्हणली, पाचशे तीन आले. कोणाले कमी नाई, दाणा वाया नाई. जाय बाई, एक साल देल्लं तुले." म्हातारा खुशीत होता. सगळ्यांत जास्त कौतुक त्याला स्वतःच्या नातीचं नव्हे, काही वाया न गेल्याचं होतं, पण ते चालण्यासारखं होतं. अंकिता त्यांच्या पाया पडली, माझ्याकडे पाहून हसली आणि आत पळाली.

मीही तिच्यामागं निघालो. ताईला सांगावं, म्हटलं. शिवाय बराच वेळ नलू कुठं दिसली नव्हती.

मागच्या खोलीत बाया बसल्या होत्या. घरच्या सुना, लेकी, बहिणी, चुलत्या, शेजारच्या, पहाटेपासून वांगी चिरणाऱ्या, पुऱ्या लाटणाऱ्या. भिंतीला टेकून, पाय लांब करून, मांडीवर घरची स्टीलची ताटं. मध्ये एक परात होती. तिच्यासमोर कमलाताई बसून पुऱ्या वाटत होती. मोजून नव्हे, अंदाजानं, जसं कोणी लहान मुलांना खाऊ देतं तसं.

अंकिता माझ्या आधी आत शिरली होती. तिनं मांडणीवरून एक ताट काढलं, पदराला पुसलं आणि आजीच्या बाजूला बसली. लहानपणापासून या घरातल्या प्रत्येक कार्यात ती अशीच बसत आली होती, याच ताटात, सगळ्यांच्या नंतर. मग तिनं परातीत पाहिलं.

ती काय करत होती ते मला कळलं, कारण वर्षभर मी तेच बघत होतो. तिचे ओठ हलत होते. ती बाया मोजत होती, स्वतःला धरून.

"बेचाळीस," ती म्हणाली. "पस्तीस पुऱ्या. पाचास सहा."

नलू दाराशी होती. तिच्या ताटात एक पुरी होती. ती तिनं मोडून अर्धी शेजारणीला दिली आणि मला विचारलं, "तुमचं झालं का जेवण?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? नऊ पुऱ्या माझ्या पोटात होत्या आणि दहावी खायला जागा नव्हती, याची मला लाज वाटली.

"हेच ते बारा टक्के," अंकिता म्हणाली. "आई, उरत नव्हतंच काही. हे तुमचं होतं. मी कापून टाकलं. माह्या तक्त्यात पत्रावळ्या होत्या, तुम्ही ताटात जेवता."

"चूप राह्य," कमलाताई हळू आवाजात म्हणाली. "काही होत नाई आमाले. भूकच कुठी हाये एवढ्या उन्हात. मुरमुरे हाये, चिवडा करतो. तुले साल भेटलं ना? मंग झालं."

"झालं कसं?"

"तू बोलू नको बाहीर. माही आण हाये तुले."

बाकीच्याही बाया तेच म्हणायला लागल्या. कोणाला पित्त झालं होतं, कोणी सकाळी पोहे खाल्ले होते. बेचाळीस बायांना एकाच वेळी भूक नव्हती. अंकितानं रिकामं ताट खाली ठेवलं आणि ती उठून बाहेर गेली. ताईची आण तिथंच राहिली.

मांडवात पान-सुपारी चालली होती. सदाशिवराव आणि विहीणबाई खुर्च्यांवर, दौलतराव त्यांच्यासमोर.

"आबाजी," अंकिता म्हणाली, "माहं उत्तर चुकलं."

"काऊन? पत्रावळ्या किती उठल्या?"

"पाचशे तीन."

"अन् शिजवलं?"

"पाचशे दहाचं."

"मंग कोणाले कमी पडलं?"

"पत्रावळीवर जे जेवत नाई त्यायले. आजी, आई, काकू, मामी. बेचाळीस जणी हाये आतमंधी."

दौलतराव हसले. खरंच हसले, त्यांना सुटल्यासारखं वाटलं. "अवं त्या घरच्या! घरचे कोणी मोजते का? त्या घेते निभावून."

"म्हणजे," विहीणबाईंनी पानाचा विडा हातातच धरून विचारलं, "घरच्या बाया जेवल्याच नाई अजून?"

एवढ्या वेळात पहिल्यांदा बँड बंद होता.

मला तेव्हा दौलतरावांचा पेच दिसला आणि तो बघून मला बरं वाटलं, हे लपवत नाही. पोरगी जिंकली म्हणावं तर घरच्या बाया माणसांत नाहीत, हे व्याह्यांसमोर कबूल करावं लागतं. हरली म्हणावं तर दौलतरावांच्या मांडवात अन्न कमी पडलं. आयुष्यात त्यांच्या मांडवात अन्न कमी पडलं नव्हतं.

"तू जिंकली," ते दात आवळून म्हणाले. "देल्लं म्हणलं ना मी. जाय आत."

"नाई, आबाजी. मी हरली. कमी पडलं नाई पायजे असं ठरलं होतं. कमी पडलं." ती जागची हलली नाही. वर्षभर रात्रंदिवस जिच्यासाठी ती तक्ते सोडवत होती ती परीक्षा तिनं स्वतःच्या तोंडानं घालवली. मला ओरडावंसं वाटलं की अगं मुली, सव्वा मार्कासाठी रडलीस आणि आता हातात आलेलं टाकतेस? ओरडलो नाही. ती बरोबर होती.

दौलतरावांनी नातीकडं पाहिलं, मग विहीणबाईंच्या हातातल्या विड्याकडे.

"हरली मंग," ते म्हणाले.

"हो."

मग ते आचाऱ्यावर खेकसले. "भट्टी पेटव. दुकान उघड रे, कणीक काढ, दाळ काढ, तेलाचा पिपा आण. वावरातून वांगे आण. अन् सतरंज्या हाथर मांडवात."

"मांडवात?" योगेंद्रभाऊजींनी विचारलं. त्या दिवशीचा त्यांचा हा पहिला शब्द.

"मंग कुठी? पंगत मांडवातच बसते."

तासाभरानं बाया बाहेर आल्या. येत नव्हत्या, आणाव्या लागल्या. समोर पत्रावळ्या मांडलेल्या बघून त्यांना कुठं बसावं ते कळेना. रुख्माबाई, म्हणजे दौलतरावांच्या मंडळी, सगळ्यांत म्हाताऱ्या, त्यांना पहिल्या जागी बसवलं. त्यांच्या बाजूला कमलाताई, तिच्या बाजूला अंकिता. डोळे लाल झालेले.

वाढपी पोरं पांगली होती. व्याही समोर बसून बघत होते. दौलतरावांनी वरणाची बादली स्वतः उचलली. योगेंद्रभाऊजींना पुऱ्या दिल्या. मला मीठ दिलं. माझी लायकी त्यांनी बरोबर ओळखली होती.

मी मीठ वाढत नलूपाशी आलो. एवढ्या वर्षांच्या संसारात मी तिला पहिल्यांदा काही वाढत होतो, आणि ते मीठ. तिनं माझ्याकडं पाहिलं. "थोडं," ती म्हणाली. मी थोडं वाढलं.

बाया जेवायला लागल्या, पण त्यांना मागता येईना. कोणी वाढायला वाकलं की त्या पत्रावळीवर हात आडवा धरायच्या आणि पुरे म्हणायच्या. तीन घास झाले की इकडं-तिकडं बघायच्या, उठावं की काय म्हणून. दौलतरावांना हे बघवेना. कोणत्याही पंगतीत कोणी उपाशी उठलेलं त्यांना बघवत नाही, हे मी त्यांचं चांगलं म्हणून सांगतोय. त्यांनी बादली खाली ठेवली, हात जोडले आणि सवयीनं बोलून गेले : "मागा, लाजू नका. दौलतरावच्या पंगतीत मागणाऱ्याले नाई म्हनत नाई."

कमलाताईनं सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर सावरला.

"मामाजी, एक पुरी."

योगेंद्रभाऊजींनी दोन वाढल्या.

"अजून काय पायजे, सूनबाई?" दौलतराव बादली उचलत म्हणाले.

"अंकितासाठी एक साल," ताई म्हणाली. पुरी मागितली होती त्याच आवाजात, पानाकडे बघत.

अंकिताचा घास हातात राहिला. दौलतराव पळी उचलून उभे होते आणि पळीतून वरण पुन्हा बादलीत गळत होतं. समोर सदाशिवराव आणि विहीणबाई. पलीकडे हिंगणघाटचे. दौलतरावांनी आजवर कोणत्याही पंगतीत, कोणत्याही पाहुण्याला, नाही म्हटलेलं नव्हतं.

"हे जेवनातलं नाई, सूनबाई," ते शेवटी म्हणाले.

ताईनं पुरीचा तुकडा मोडला. ती मागायचं ते मागून बसली होती.

"कारलेबी त्या दिवशी जेवनात नव्हते," रुख्माबाई म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नाही. भातात वरण कालवत होत्या.

दौलतरावांनी पळी पुन्हा बादलीत बुडवली. मग ते कमलाताईच्या पानापाशी वाकले आणि तिनं हात आडवा धरला नाही म्हणून पळीभर वरण भातावर घातलं.

"देल्लं," ते म्हणाले.

"पण मी तं हरली ना, आबाजी," अंकिता पुटपुटली. या पोरीला गप्प बसता येत नाही.

"हरलीच तू. साल तुले नाई देल्लं. तुह्या मायले देल्लं. तिनं मागतलं." मग हिंगणघाटच्या लोकांकडे वळून त्यांनी हात जोडले, अन्न संपल्यावर जोडतात तसे.

पंगत उठली तेव्हा ऊन उतरलं होतं. दौलतराव पत्रावळ्या टाकायच्या जागेकडे निघाले, मध्येच थांबले, खिशातले सगळे चिंचोके काढून अंकिताच्या ओंजळीत दिले आणि खुर्चीवर जाऊन बसले. पोरगी तिथं जाऊन उभी राहिली आणि बाया आपापली पत्रावळ घेऊन तिच्यासमोरून एकेक करून गेल्या.

एकूण पाचशे पंचेचाळीस भरल्या. त्यातली एक माझ्या बहिणीची होती.